मोबाइल डेटावर साइट उघडत नाही, घरच्या वायफायवर उघडते. फराळाच्या ऑर्डरी अडल्यात, मदत हवी

रामबागची_सून, रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आम्ही सात जणी मिळून दिवाळीचा फराळ करून विकतो. चकली, कडबोळी, अनारसे, चिरोटे. फोनवर ऑर्डर घेताना पाव किलो की अर्धा किलो यात फार घोळ व्हायचे, म्हणून चार वर्षांपूर्वी साइट केली. ती मी सांभाळते. शिक्षण बी.कॉम., बाकी सगळं विचारून विचारून शिकले.

श्रावणात साइट जुन्या शेअर्ड होस्टिंगवरून (एकाच मशीनवर अनेकांच्या साइट्स) एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेला आपला वेगळा सर्व्हर) हलवली. हलवायचं काम भाच्याने केलं. तो आता नोकरीसाठी बाहेर गेलाय आणि त्याला सारखं विचारणं बरं वाटत नाही. तेव्हापासून लोक सांगतात, "साइट उघडत नाही", "लाल अक्षरांत धोका आहे असं येतं". मी घरी बघते तर व्यवस्थित उघडते. जाऊबाईंच्या फोनवर उघडते, मुलाच्या लॅपटॉपवर उघडते.

मागच्या वर्षी या तिथीपर्यंत १६० ऑर्डरी होत्या. आज ७१ आहेत. वसुबारसेला अकरा दिवस उरलेत, भाजणीचं धान्य धुऊन वाळवून ठेवलंय. कोणाला काही सुचतंय का?

लष्करकर, रविवार, रात्री ११:३२

ताई, ग्वाल्हेरहून बघितली, ऑफिसच्या नेटवर छान उघडतेय. ज्यांना अडचण येते त्यांना ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगा. ९० टक्के वेळा तेच असतं.

रामबागची_सून, सोमवार, दुपारी १:०५

दादा, तेच सांगत होते दोन महिने. आज सकाळी स्वतः लोकमान्य नगरात एका काकूंकडे गेले. वय ७२, दरवर्षी पहिली ऑर्डर त्यांची. त्यांच्या फोनवर कॅशे साफ केली, दुसरं ब्राउझर टाकून पाहिलं. तरीही लाल त्रिकोण आणि "तुमचे कनेक्शन खासगी नाही". काकू म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुम्ही बंद केलं यंदा."

मग मी माझ्याच फोनवर मोबाइल डेटा चालू करून साइट उघडली. मलाही तोच लाल त्रिकोण! घरी माझा फोन कायम वायफायवर असतो, त्यामुळे दोन महिन्यांत हे मला एकदाही दिसलं नव्हतं. घरी येऊन वायफायवर पाहिलं तर पुन्हा व्यवस्थित.

दांडियाबाजार, सोमवार, दुपारी २:४०

ताई, बडोद्याहून लिहितोय. नेटवर्कचंच काम करतो. शेवटच्या चार ओळींत तुम्ही निम्मं निदान केलंत. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवाल का? आणि एक करा. वायफायवर आणि मग मोबाइल डेटावर, दोन्हीकडून टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम उघडा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

रामबागची_सून, सोमवार, दुपारी ३:१५

व्यनि केलाय. वायफायवर: आयपीव्ही६ पत्ता आढळला नाही, गुण १० पैकी ०. मोबाइल डेटावर: १० पैकी १०.

दांडियाबाजार, सोमवार, दुपारी ४:०२

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण ही चूक फार जणांची होते.

इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या दोन पद्धती सध्या शेजारी शेजारी चालतात. जुनी आयपीव्ही४, म्हणजे टिंबांचे चार आकडे. त्यात सगळे मिळून सुमारे ४.३ अब्ज पत्ते बसतात आणि ते केव्हाच कमी पडले. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाच्या वाट्याचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या राखीव तुकड्यावर आला. नवी पद्धत आयपीव्ही६, विसर्गासारखे ठिपके घातलेली लांब माळ. भारतात ४जी पसरलं ते पत्ते संपल्यानंतर, त्यामुळे आपल्या मोबाइल कंपन्यांना नव्या पद्धतीवरच उभं राहावं लागलं. जिओने २०१६ मध्ये सुरुवातीपासून आयपीव्ही६ दिलं. आज गूगलच्या मोजणीत आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत आहे. म्हणजे अमेरिकेतला कोणी तुमची साइट जुन्या वाटेने बघत असेल, पण लोकमान्य नगरातल्या काकू नव्या वाटेने येतात. तुमच्या घरचं ब्रॉडबँड मात्र अजून फक्त जुन्या वाटेवर आहे.

आता तुमचं डोमेन. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, दोन नोंदी आहेत. ए रेकॉर्ड, म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता, तो नव्या व्हीपीएसकडे जातो. आणि एएएए रेकॉर्ड, ज्याला आम्ही क्वाड-ए म्हणतो, नव्या पद्धतीचा पत्ता. तो अजून जुन्या होस्टिंगच्याच मशीनकडे जातोय. घर बदललं, पण दोनपैकी एकाच पाटीवर नवा पत्ता लिहिला. तिथे तुमचं खातं बंद झालंय, म्हणून ते मशीन त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, पुढे करतं. नाव जुळत नाही, म्हणून लाल त्रिकोण.

सर्व्हरखोली, सोमवार, दुपारी ४:२०

पण ब्राउझर नवी वाट बंद दिसली की आपोआप जुन्या वाटेने जातो ना? हॅपी आयबॉल्स म्हणतात ते. मग इथे का नाही गेला?

दांडियाबाजार, सोमवार, दुपारी ४:३८

चांगला प्रश्न, आणि यातच लोक फसतात. ब्राउझर आधी आयपीव्ही६ ने जोडणी मागतो. पाव सेकंदाच्या आसपास उत्तर आलं नाही तर आयपीव्ही४ नेही मागतो, आणि जी आधी जुळेल ती घेतो. पण हे फक्त जोडणी जुळेपर्यंत. इथे जुन्या होस्टिंगचं मशीन जिवंत आहे, शेकडो इतर साइट्स चालवतंय, त्याने पटकन "हो, बोला" म्हटलं. जोडणी जुळली, ब्राउझरच्या दृष्टीने वाट ठरली. त्यानंतर सर्टिफिकेट चुकीचं निघालं तर तो दुसरी वाट शोधत नाही, सरळ इशारा देतो. ते मशीन बंद असतं तर तुमच्या गिऱ्हाइकांना काही कळलंही नसतं.

ताई, नव्या मशीनवरचं सर्टिफिकेट भाच्याने कुठून आणलं?

रामबागची_सून, सोमवार, संध्याकाळी ६:५०

त्याला फोन करून विचारलं. सर्टबॉटने (सर्टिफिकेट मिळवून देणारा प्रोग्रॅम) तेव्हा ४०४ देऊन नकार दिला होता. घाई होती म्हणून जुन्या होस्टिंगवरची फाइल उचलून इथे लावली, "नंतर बघू" म्हणून.

दांडियाबाजार, सोमवार, संध्याकाळी ७:१५

तो नकार हाच पहिला पुरावा होता. लेट्स एन्क्रिप्ट, म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था, तुमची मालकी तपासायला येतं तेव्हा क्वाड-ए असेल तर आधी त्याच वाटेने येतं. ते जुन्या मशीनवर गेलं, तिथे फाइल सापडली नाही, ४०४. आणि ते सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. तारीख बघून घ्या. श्रावणातलं असेल तर दिवाळीच्या तोंडावर संपेल आणि मग वायफायवाल्यांनाही लाल त्रिकोण दिसेल.

रामबागची_सून, सोमवार, संध्याकाळी ७:२२

पाहिलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संपतंय. हातपाय गार पडले.

सर्व्हरखोली, सोमवार, संध्याकाळी ७:४०

ताई, सरळ क्वाड-ए काढून टाका. सगळे ए वर येतील, विषय संपला. छोट्या साइटला आयपीव्ही६ ची गरजच नसते. पुण्यात माझ्याकडे तीसेक साइट्स आहेत, सगळ्या नुसत्या ए वर चालतात.

दांडियाबाजार, सोमवार, रात्री ८:०५

आज रात्रीसाठी अगदी बरोबर, मी पण हेच सांगणार होतो. नोंद काढा, मग सर्टबॉट चालवा. तुमच्या नोंदीचा टीटीएल १४४०० सेकंदांचा आहे, म्हणजे चार तासांपर्यंत काही जणांना जुना पत्ताच मिळत राहील, घाबरू नका.

कायमचं करण्याबद्दल मात्र मी सर्व्हरखोलींशी सहमत नाही. मोबाइलवाले जुन्या वाटेने येतात तेव्हा प्रत्येकाला वेगळा पत्ता मिळत नाही. कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागून बाहेर सोडते, कॅरियर ग्रेड नॅट. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना एकच टपालपेटी असावी तसं. साइटवर पत्त्यावरून काही मर्यादा घातली असेल तर शेजाऱ्याची शिक्षा शेजाऱ्याला होते.

रामबागची_सून, मंगळवार, सकाळी ११:३०

क्वाड-ए काढला, सर्टबॉट पहिल्या झटक्यात पास झाला. सकाळपासून १४ ऑर्डरी! काकूंचीही आली.

पण दांडियाबाजार दादा, तुम्ही म्हणालात तेच झालं. साडेदहाला तीन जणींचे फोन आले, "ऑर्डरची मर्यादा संपली, तासाभराने प्रयत्न करा" असं दिसतंय. भाच्याने खोट्या ऑर्डरी येऊ नयेत म्हणून एका पत्त्यावरून तासाला पाचच घ्यायची अट घातली होती. नोंदी पाहिल्या. दहा ते साडेदहात एकाच पत्त्यावरून पाच ऑर्डरी: एक सुदामा नगर, एक महू, एक देवास, दोन उज्जैन. एकमेकींना ओळखतही नाहीत या बायका. सहावीला दार बंद.

अट सध्या काढून टाकलीय.

सर्व्हरखोली, मंगळवार, दुपारी १२:१०

हे मी कधी तपासलंच नव्हतं. माझ्या तीसपैकी आठ साइट्सवर अशीच मर्यादा आहे. आज बघतो.

दांडियाबाजार, मंगळवार, दुपारी १२:४५

मग आता नीट करू. व्हीपीएसच्या पॅनेलमध्ये तुमचा आयपीव्ही६ पत्ता लिहिलेला असेल. मशीनवर तो खरंच चालू आहे का बघा, आतून -६ देऊन बाहेर पिंग करा (हाक मारून उत्तर येतं का बघा). चालला की क्वाड-ए त्या पत्त्यावर लावा. टीटीएल आधी ३०० करा, म्हणजे काही चुकलं तर पाच मिनिटांत मागे येता येईल.

रामबागची_सून, मंगळवार, रात्री ९:२०

लावला. मोबाइल डेटावर साइट उघडली, लाल त्रिकोण नाही. झालं ना?

दांडियाबाजार, मंगळवार, रात्री ९:३५

घाई नको. एनजिनएक्सचा (सर्व्हरवर साइट पुरवणारा प्रोग्रॅम) ॲक्सेस लॉग, म्हणजे कोण आलं त्याची नोंदवही, उघडा. गेल्या अर्ध्या तासात ठिपक्यांच्या माळेवाला एक तरी पत्ता दिसतो का?

रामबागची_सून, मंगळवार, रात्री ९:४८

एकही नाही. सगळे टिंबांचे.

दांडियाबाजार, मंगळवार, रात्री ९:५५

म्हणजे एनजिनएक्स नव्या वाटेवर ऐकतच नाही. फोनने आधी नवी वाट ठोठावली, नकार मिळाला, क्षणात जुन्या वाटेने आला. तुम्हाला वाटलं उघडली. सेटिंगमध्ये "लिसन ४४३" आहे तिथे खाली चौकटी कंसात दोन ठिपक्यांच्या जोडीवाली, [::]:४४३ ची दुसरी ओळ हवी. ८० साठीही तशीच. मग कॉन्फिग तपासून रीलोड.

रामबागची_सून, मंगळवार, रात्री १०:३०

केलं. लॉगमध्ये पहिला लांब पत्ता आला, माझाच. आता झोपते, पहाटे भाजणी भाजायचीय.

रामबागची_सून, बुधवार, दुपारी ४:१५

नवीन अडचण. वैशाली नगरातल्या वहिनींकडे फायबरचं नेट आहे. कालपर्यंत त्यांच्याकडे साइट उघडत होती, आज नुसती पांढरी पाटी आणि गोल गोल फिरतंय. त्रिकोण नाही, चूक नाही, काहीच नाही. मोबाइल डेटावर मात्र उत्तम चालतेय. हे उलटंच झालं! लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडेच आलेय.

दांडियाबाजार, बुधवार, दुपारी ४:४०

फार बरं केलंत तिथे गेलात ते. तिथूनच कर्ल (साइट मागवून बघायची आज्ञा) चालवा, -६ आणि -व्ही देऊन. शेवटची ओळ कोणती येते?

रामबागची_सून, बुधवार, दुपारी ४:५२

"कनेक्टेड" येतं. मग "क्लायंट हॅलो". तिथेच थांबतं. दोन मिनिटं वाट पाहिली.

दांडियाबाजार, बुधवार, दुपारी ५:००

आता लॅपटॉपच्या वायफायचा एमटीयू (एका पाकिटाचं कमाल माप) १५०० वरून १२८० करा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या.

रामबागची_सून, बुधवार, दुपारी ५:१८

लगेच उघडली!! वहिनी टाळ्या वाजवतायत. पण हे काय होतं?

दांडियाबाजार, बुधवार, संध्याकाळी ६:१०

हे नीट समजून घ्या, कारण याचा माग लागता लागत नाही.

तुमचा सर्व्हर १५०० बाइटचं पाकीट पाठवतो. वहिनींच्या फायबरवर पीपीपीओई (जोडणीची एक पद्धत) आहे, त्यात आठ बाइट वेष्टनाला जातात, म्हणून तिथे १४९२ पर्यंतच मावतं. जुन्या पद्धतीत गरज पडली तर वाटेतला राउटर पाकिटाचे तुकडे करू शकायचा. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर तुकडे करत नाही. तो पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडतो: "पॅकेट टू बिग, इतक्याच मापाचं पाठव." हा निरोप आयसीएमपीव्ही६ मधून येतो. निरोप पोचला तर सर्व्हर लहान पाकीट पाठवतो, सगळं सुरळीत.

तुमच्या व्हीपीएसच्या पॅनेलमधली फायरवॉल बघा. माझा अंदाज, तिथे २२, ८० आणि ४४३ एवढीच दारं उघडी आहेत. निरोप्या दाराशी येतो, त्याला कोणी आत घेत नाही. सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. जोडणी जुळते कारण सुरुवातीची पाकिटं लहान असतात. सर्टिफिकेट पाठवायची वेळ आली की पहिलं पूर्ण मापाचं पाकीट निघतं आणि तिथेच अडतं. जोडणी जुळलेली असल्याने ब्राउझर जुन्या वाटेकडेही वळत नाही.

बऱ्याच राउटरमध्ये माप आधीच लहान सांगायची सोय असते, म्हणून सगळ्याच फायबरवाल्यांना हा त्रास होत नाही. वहिनींच्या राउटरमध्ये ती आयपीव्ही६ साठी नसणार.

रामबागची_सून, बुधवार, संध्याकाळी ६:४५

अंदाज तंतोतंत. तीनच दारं. भाचा म्हणाला, "पिंग बंद ठेवलं की सुरक्षित असतं असं वाचलं होतं." वहिनी तर जेल रोडवरून नवा राउटर आणायला निघाल्या होत्या, थांबवलं त्यांना.

दांडियाबाजार, बुधवार, संध्याकाळी ७:००

राउटर बदलू नका. आयसीएमपीव्ही६ ला परवानगी द्या. आयपीव्ही६ मध्ये आयसीएमपी म्हणजे नुसतं पिंग नाही, त्यावर शेजारचं मशीन शोधण्यापासून सगळा संसार चालतो. ते सरसकट बंद करायचं नसतं. पिंगची भीती वाटत असेल तर त्याचा वेग मर्यादित करा, पण "पॅकेट टू बिग" कधीही अडवू नका. लॅपटॉपचा एमटीयू परत १५०० करून मग तपासा, नाहीतर खोटा पास मिळेल.

रामबागची_सून, बुधवार, संध्याकाळी ७:३०

परवानगी दिली. एमटीयू १५०० वर, कर्ल सरळ शेवटपर्यंत गेलं. वहिनींच्या फोनवरही उघडली. त्यांनी तिथल्या तिथे चकलीची ऑर्डर भरायला घेतली आणि बटण दाबल्यावर "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा". तीनदा तेच. आता रडू येतंय खरं.

लष्करकर, बुधवार, संध्याकाळी ७:५०

ताई, धीर सोडू नका. मी ऑफिसच्या नेटवरून आत्ता चाचणीची ऑर्डर टाकली, ती गेली. नाव "चाचणी" आहे, काढून टाका. ऑफिसला आयपीव्ही६ नाही, हे आज तपासून घेतलं.

दांडियाबाजार, बुधवार, रात्री ८:०५

लष्करकर, ही मदत फार मोलाची. म्हणजे जुन्या वाटेने ऑर्डर जाते, नव्या वाटेने अडते. ताई, पीएचपीचा एरर लॉग बघा, आणि ऑर्डरच्या टेबलात ग्राहकाचा आयपी साठवता का ते सांगा. असेल तर त्या रकान्याची लांबी किती?

रामबागची_सून, बुधवार, रात्री ८:४०

लॉगमध्ये "डेटा टू लाँग फॉर कॉलम" अशी ओळ आहे, एकवीस वेळा. रकाना व्हारकॅर, लांबी १५.

दांडियाबाजार, बुधवार, रात्री ८:५५

जुना पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांचा: तीन-तीन आकड्यांचे चार गट आणि मधे तीन टिंबं. ज्याने टेबल केलं त्याने तेवढंच माप घेतलं. नवा पत्ता पूर्ण लिहिला तर चार अक्षरांचे आठ गट आणि सात विसर्ग, ३९ अक्षरं. पंधराच्या डब्यात एकोणचाळीसची वस्तू. डेटाबेस नकार देतो आणि पत्त्याच्या नादात चकलीची अख्खी ऑर्डर फेकली जाते.

रकाना ४५ चा करा. ३९ ऐवजी ४५ का, तर जुना पत्ता नव्या वेषात लिहायची एक पद्धत आहे, तिला तेवढी जागा लागते. अधिक नेटकं हवं असेल तर १६ बाइटचा व्हारबायनरी आणि मायएसक्यूएल डेटाबेसचं आयनेट६_एटॉन, पण आज रात्री ४५ पुरे.

रामबागची_सून, बुधवार, रात्री ९:२०

केला. वहिनींची ऑर्डर गेली.

दादा, एक समजलं नाही. जुन्या होस्टिंगवरही क्वाड-ए होता, तुम्हीच म्हणालात. टेबलही हेच होतं. मग मागच्या दिवाळीत ऑर्डरी कशा येत होत्या?

दांडियाबाजार, बुधवार, रात्री ९:३५

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, शाब्बास. जुना मायएसक्यूएल कुठला होता? ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू असतो, जास्त लांब मजकूर आला की तो नाकारतो. त्याआधीचा असेल, किंवा होस्टिंगने तो मोड बंद ठेवला असेल, तर डेटाबेस नुसता इशारा देऊन उरलेलं कापून टाकतो. मागच्या वर्षीच्या ऑर्डरी उघडून आयपीचा रकाना बघा.

रामबागची_सून, बुधवार, रात्री १०:४०

बघितलं. हात थरथरतायत लिहिताना.

मागच्या दिवाळीच्या ४१२ ऑर्डरी. त्यातल्या २६८ मध्ये आयपीच्या रकान्यात अर्धवट तुटलेले पत्ते आहेत, तीन गट आणि मग काहीच नाही. सगळे ठिपक्यांचे. काकूंचा आहे, महूच्या जोशी आजोबांच्या सुनेचा आहे, पाच किलो अनारसे नेणाऱ्या सराफ्यातल्या दुकानाचा आहे. तीनपैकी जवळपास दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे अशा वाटेने येत होती जी माझ्या घरात नव्हतीच. आणि श्रावणापासून नेमकी तीच माणसं लाल त्रिकोण बघून परत जात होती. मी त्यांना कॅशे साफ करायला सांगत होते.

सर्व्हरखोली, बुधवार, रात्री ११:०५

ताई, हा प्रतिसाद मी आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकतोय, तुमची हरकत नसेल तर. "छोट्या साइटला गरज नसते" हे माझं वाक्य मागे घेतो. एक सुचवतो: आयपी साठवायची गरज आहे का, याचाही विचार करा. खोट्या ऑर्डरी ओळखायला आठवडाभर ठेवला तर पुरे. गिऱ्हाइकाची माहिती जितकी कमी ठेवाल तितकं बरं.

रामबागची_सून, गुरुवार, सकाळी ७:३०

हरकत नाही, जरूर टाका. आणि आयपी दिवाळीनंतर पुसून टाकेन, पटलं.

ती तासाला पाच ऑर्डरींची अट परत लावू का? नव्या वाटेवर प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे तर आता चालेल ना?

दांडियाबाजार, गुरुवार, सकाळी ९:१०

तशीच नका लावू. नव्या पद्धतीत एका घराला किंवा एका फोनला सहसा ६४ बिटांचा आख्खा पट्टाच मिळतो, आणि फोन खाजगीपणासाठी पत्त्याचा मागचा अर्धा भाग अधूनमधून बदलत राहतो. पूर्ण पत्ता मोजलात तर खोडसाळ माणूस दर ऑर्डरला नवा पत्ता घेईल. पहिले चार गट मोजायचे. पण जुन्या वाटेने येणाऱ्यांचा टपालपेटीचा प्रश्न उरतोच. माझं ऐकाल तर पत्ता मोजणं सोडा, मोबाइल नंबरवर मर्यादा घाला आणि मोठ्या ऑर्डरीला फोन करून खात्री करा. तुमच्या धंद्यात फोन करणं लोकांना आवडतंही.

रामबागची_सून, शुक्रवार, रात्री ९:५०

नंबरवर मर्यादा लावली. मागच्या वर्षीच्या त्या २६८ जणांची यादी काढली, आम्ही सात जणींनी वाटून घेतली आणि काल-आज बसून फोन केले. काही जणांनी दुसरीकडे ऑर्डर दिलीय, ठीक आहे. पण ९३ जणांनी आमच्याकडे दिली. एकूण आता २०४. जाऊबाई म्हणतात अनारशाचं पीठ वाढवावं लागेल, तांदूळ आजच भिजत घातलेत.

लॉगमध्ये लांब पत्ते निम्म्याहून जास्त दिसतायत. सर्टिफिकेटची नवी तारीख जानेवारीतली आहे. दांडियाबाजार दादा, पत्ता व्यनि करा, बडोद्याला डबा पाठवतेय. नाही म्हणू नका.

लष्करकर, शुक्रवार, रात्री १०:२५

ताई, हे सगळं वाचून आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या देणगीचं टेबल उघडलं. आयपी, व्हारकॅर, १५. ग्वाल्हेरला यंदा देणग्या कमी का आल्या यावर आमच्या दोन बैठका झाल्या होत्या. रकाना ४५ केला. वाचनखूण साठवली आहे.

रामबागची_सून, शुक्रवार, रात्री १०:३१

दादा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून स्वतः एक देणगी भरून बघा. नुसती साइट उघडली यावर थांबू नका, पावती हातात येईपर्यंत.

लष्करकर, शुक्रवार, रात्री १०:४४

भरली. ५१ रुपये. पावती आली.